नावाच्या शेवटचं टिंब

माझ्या बहिणीने नवरा सोडला तेव्हा त्या घरातून तिने तीनच गोष्टी आणल्या. लेक, कागदपत्रांची पिशवी आणि वायफायचा डबा. बसमधून उतरली तेव्हा एका हाताला मुंगी लोंबकळत होती आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीतून त्या डब्याचे दोन काळे कान वर आले होते. मुंगी म्हणजे माझी भाची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मुंगी, आणि आता दुसरीत गेली तरी तेच नाव चिकटलंय.

मी म्हटलं, "ताई, निदान पोरीचा स्वेटर तरी आणायचास. हे काय उचलून आणलंस?"

"डबा माझ्या नावावर आहे," ताई म्हणाली. "बसू दे त्याला नेटशिवाय."

एवढ्या वर्षांच्या संसाराचा तिने उगवलेला हा एकमेव सूड. मला तेव्हा हसू आलं होतं.

तिचा नवरा ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर शेजाऱ्यांना तरी कळलं असतं. तो गोड बोलायचा, सगळ्यांची विचारपूस करायचा, आमच्या आईच्या गुडघ्यांसाठी आठवणीने तेल पाठवायचा. आई त्याला जावईबापू म्हणताना विरघळून जायची. आणि घरी त्याने न्हाणीघराच्या दाराची कडी काढून टाकली होती, आपल्यात कसली लपवाछपवी म्हणून. एकदा त्याने ताईचं मनगट दाराच्या फटीत धरलं आणि दार लावलं, तेही आवाज न चढवता. ते हाड वाकडंच जुळलं. ती निघायच्या थोडे दिवस आधी तो तिला म्हणाला होता, "तू जा हवं तर. मुलगी माझी आहे, तिला मी कुठूनही घेऊन येईन. मग तुझं काय करायचं ते बघू." तो बोलला की करायचा, म्हणून ताईने वाट बघितली नाही.

मी आणि आई राहत होतो ते घर त्याच्या पायाखालचं होतं. म्हणून आम्हीही ते सोडलं आणि चौघी एका लांबच्या शहरात आलो. मला कामाची चिंता नव्हती. मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे येतात, त्यावर मी मेणाच्या हिरड्या चढवते, दात बसवते, घासून गुळगुळीत करते. माणसांचे दात सगळ्या गावांत पडतात. नवीन जागा तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची होती. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान होतं आणि त्याच्या चाकाची किरकिर दिवसभर जिन्यातून वर यायची. पत्ता आम्ही कोणालाही दिला नव्हता. आईने फक्त आपला फोन नंबर बदलायला नकार दिला, कारण तिचे जुने विद्यार्थी तिला फोन करतात. आईचा टायपिंगचा क्लास होता. तो बंद पडून जमाना लोटला, पण आई अजून त्या क्लासातून बाहेर आलेली नाही.

डबा जोडला तेव्हा त्याचे दिवे लागले आणि मुंगीच्या टॅबवर नाव उमटलं, 'आम्ही तिघं'. ते नाव त्याने ठेवलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी ते वाचलं आणि तो माणूस चपला काढून आत आल्यासारखं वाटलं. ताईने टॅब हातात घेतला आणि ओळखीच्या नेटवर्कांची यादी उघडली. तिथे आणखी एक नाव होतं, 'बाबांचा फोन'. गाडीतून जाताना मुंगीला टॅबवर काहीतरी बघता यावं म्हणून त्याच्या फोनचं नेट कायम चालू असायचं, दिवसरात्र. नावाखाली बटण होतं, 'विसरा'.

ताईचं बोट त्या बटणावर गेलं आणि मुंगीने टाहो फोडला. "ते नको ना पुसू. मग बाबा मला कसा सापडेल?"

ही पोर बाबावर जीव टाकायची. तिच्या अंगाला त्याने कधी बोट लावलं नव्हतं, आणि आईचं मनगट पडल्यामुळे मोडलं असंच तिला सांगितलेलं होतं. ताईला तिचं रडणं सोसवेना. तिने 'विसरा' दाबलं नाही, नुसतं आपोआप जोडणं बंद केलं आणि विचारून जोडा, असं करून ठेवलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण पोटची पोर रडत असताना ताईला शहाणपण शिकवायची माझी छाती झाली नाही.

मग एक गंमत सुरू झाली. निदान सुरुवातीला आम्ही तिला गंमत म्हटलं. मुंगीने टॅबवर नकाशा उघडला की आपण कुठे आहोत ते दाखवणारं निळं टिंब त्यांच्या जुन्या घरावर दिसायचं. तेच कौलारू छप्पर, तोच कोपऱ्यावरचा दवाखाना. "मावशी, बघ, आपण घरीच आहोत," मुंगी खूश होऊन म्हणायची. टॅब तिला तिथलंच हवामान सांगायचा. इकडे ढगाळ असलं तरी टॅबवर तिकडचं ऊन. ताई भाजी चिरता चिरता थांबायची, मान वळवून त्या टिंबाकडे बघायची. एकदा हळूच मला म्हणाली, "धाकटे, मी खरंच आले ना गं इकडे?"

मी म्हटलं, "वेडी की काय? नळाला पाणी येत नाही म्हणून सकाळी कोण भांडलं खालच्या मजल्यावर? तूच ना?" ती हसली. पण तिचा चेहरा मला आवडला नाही.

काही दिवसांनी टिंब अस्वस्थ झालं. सकाळी जुन्या घरावर असायचं, दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, संध्याकाळी परत तिकडे. कोणीतरी दोन घरांमध्ये येरझाऱ्या घालत असल्यासारखं. त्याच सुमाराला आतल्या खोलीत नेट पोचत नव्हतं म्हणून आम्ही नेटवाल्याला बोलावलं. बोलका गडी होता. डबा उलटासुलटा करताना मुंगीने त्याला टॅब दाखवला आणि तो खो-खो हसायला लागला.

"डबा बाहेरून आणलाय ना तुम्ही? त्याला वाटतंय तो अजून जुन्याच घरी आहे."

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"हा डबा सारखा हाका मारत असतो. मी इथे आहे, मी इथे आहे. रस्त्याने जाणाऱ्या फोनांच्या कानावर ती हाक पडते. फोन ती हाक आणि आपली जागा परस्पर वर कळवून टाकतात. त्यावरून नकाशावाल्यांकडे नोंद होते, अमका डबा अमक्या ठिकाणी. तुमचा इतकी वर्षं तिकडून हाका मारत होता. आता इथून मारतोय. नकाशा गोंधळलाय बिचारा. कळेल त्याला हळूहळू. टिंब येईल सरकत सरकत."

ताईने हातातला कप बशीत ठेवला. "ही नोंद कोणाला बघता येते?"

"डब्याच्या पोटाखाली नंबर असतो. तो माहीत असेल आणि थोडी खटपट करायची तयारी असेल, तर डबा कुठे गेला ते काढता येतं. पण कोण करतंय?"

ताईचा नवरा विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायचा. फ्रिज जळला, पंखा पडला, की जाऊन यंत्राच्या पोटाखालच्या नंबराचा फोटो काढायचा. स्वतःच्या घरातल्या सगळ्या वस्तूंचे असे फोटो त्याच्याकडे होते. ताईने डबा पळवून त्याचा सूड उगवला होता, आणि त्या डब्याचा नंबर त्याच्या खिशात होता.

"फेकून देते मी हा आत्ता," मी म्हटलं.

"फेकला तरी शेवटचा ठावठिकाणा राहतोच की," नेटवाला म्हणाला. त्याचं हसू आता मावळलं होतं, काहीतरी वेगळं आहे हे त्याला उमगलं असावं. "त्यापेक्षा नाव बदला. नावाच्या अगदी शेवटी, जोडून, खालची रेघ द्यायची आणि इंग्रजीत नोमॅप लिहायचं. म्हणजे नकाशात नको. ते दिसलं की नकाशावाले डबा आपल्या यादीतून काढून टाकतात. लगेच नाही, पण काढतात. मात्र अक्षर न् अक्षर तसंच पाहिजे हं. यंत्राला अर्थबिर्थ कळत नाही, ते फक्त शेपूट बघतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्हाला न विचारता आमच्या घराची नोंद करायची, आणि नको असेल तर आम्हीच आपल्या नावाला शेपूट लावून घ्यायचं, तेही त्यांनी ठरवलेलं. दारावर पाटी लावा, कृपया आमच्या घरात डोकावू नका, म्हणजे आम्ही डोकावणार नाही. पण राग कोणावर काढणार? समोर होता तो बिचारा नेटवाला, आणि त्याला पुढच्या घरी जायची घाई होती. नाव बदलायची जागा दाखवून तो गेला.

नवीन नाव काय ठेवायचं यावर चर्चा झाली. मुंगी म्हणाली, "मुंगी कुठे राहते? वारुळात. वारूळ ठेवा." सगळ्यांना आवडलं. ताईच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा जरा रक्त दिसलं. मी टाइप करायला बसले तेव्हा आईने मला उठवलं. कोणी दोन बोटांनी टाइप केलेलं तिला बघवत नाही. "कोंबडी दाणे टिपते तशी काय टिपतेस," म्हणाली आणि चष्मा लावून, पाठ ताठ करून, दहाही बोटं जागच्या जागी ठेवून तिने ते नाव उमटवलं. वारूळ, खालची रेघ, नोमॅप. मग तिने तोच छोटा ठसका दिला जो तिच्या क्लासात परीक्षेचा कागद संपल्यावर द्यायची. झालं, असा त्याचा अर्थ.

"आता नाही ना दिसणार आपण?" ताईने विचारलं.

"नाही दिसणार," मी छातीठोकपणे सांगितलं.

ताईने टॅबवरचा नकाशाच काढून टाकला. ते टिंब तिला डोळ्यांसमोर नको होतं. दिवस सरळ जायला लागले. मुंगीला शाळा मिळाली. ताईने एका शिवणकामाच्या कारखान्यात काजं-बटणांचं काम धरलं, वाकड्या मनगटाने जमेल तसं. पण घरी आली की ती त्या डब्याकडे बघायची. दिवे लुकलुकायचे, हिरवा, हिरवा, हिरवा. एक दिवस तिने त्यावर जुना टॉवेल टाकला. मी काढला, तापेल म्हणून. तिने परत टाकला.

"तो अजून हाका मारतोय का गं?" तिने विचारलं.

"मारू दे. ऐकून घेणाऱ्यांनी कान बंद केलेत."

तिला पटलं नाही. मला म्हणाली, डोळे मिटले की ऐकू येतं, मी इथे आहे, मी इथे आहे. मी हसण्यावारी नेलं, कारण मलाही ऐकू यायला लागलं होतं. कवळ्यांच्या प्रयोगशाळेत घासायचं यंत्र चालू असताना, तोंडाला फडकं बांधलेलं, समोर कोणाचेतरी अनोळखी दात, आणि त्या घरघरीतून तेच शब्द.

मग आईच्या फोनवर त्याचा संदेश आला. इतके दिवस त्याने एक अक्षर पाठवलं नव्हतं. लिहिलं होतं, 'आई, गुडघे कसे आहेत? तिकडे सध्या ऊन फार दिसतंय. मुंगीला टोपी घालायला सांगा.'

बाहेर खरंच रणरणतं ऊन होतं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, उन्हाचं काय, सगळीकडेच पडतं. तो अंदाजाने दगड मारतोय. आईने मान हलवली. आम्ही तिघींनी एकमेकींना पटवलं आणि जेवलो.

दुसरा संदेश सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी आला. आम्ही चौघी घरात होतो. आईने तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मी फोन घेतला. 'खाली किल्लीवाला आहे हे बरं झालं. कोणाची किल्ली हरवली तर अडायला नको.'

खालून चाकाची किरकिर येत होती.

मी टॅब घेतला, नकाशा परत चालू केला. निळं टिंब आमच्या इमारतीवर होतं. हलत नव्हतं, डगमगत नव्हतं, छपरावर पाय रोवून बसलं होतं. जुनं घर त्याच्या लेखी संपलं होतं. पण हे कसं शक्य होतं? नाव बदललं होतं, शेपूट लावलं होतं. मी डब्याचं नाव उघडलं आणि वाचलं. वारूळ, रेघ, नोमॅप. बरोबर. मग मी पडदा डोळ्यांजवळ धरला. माझ्या कामात कवळीच्या आतल्या बाजूला प्लास्टरचा एक कण राहिला तरी माणसाला ती तोंडात धरवत नाही, म्हणून मला कण शोधायची सवय आहे. नोमॅपच्या पुढे, अगदी शेवटी, एक टिंब होतं.

"आई, हे काय आहे?"

आईने चष्मा लावून बघितलं. "पूर्णविराम. नाव संपलं ना."

तिच्या क्लासातून शेकडो मुलं गेली आणि एकही वाक्य उघडं टाकून कोणी उठलं नाही. ओळ संपली की टिंब, मग हात मांडीवर. तिच्या बोटांनी ते आपसूक दिलं होतं, तिला कळलंसुद्धा नव्हतं. आणि यंत्राला अर्थबिर्थ कळत नाही. शेवटी नोमॅप नाही, टिंब आहे, एवढंच त्याने बघितलं आणि आम्हाला नकाशात ठेवलं.

आईला हळूहळू कळत गेलं. आधी तिचे ओठ हलले, मग तिने आपली बोटं पदराखाली घेतली. ताई तिला म्हणाली, "आई, तुझा दोष नाही." मला तेवढं मोठं मन नव्हतं.

तेवढ्यात टॅबने टिंग केलं. पडद्यावर खिडकी उघडली होती. 'ओळखीचं नेटवर्क जवळ आहे. बाबांचा फोन. जोडू का?'

मुंगी माझ्या कोपराशी उभी होती. तिने ते वाचलं. तिला आता सगळं वाचता येतं. शेजारी सिग्नलच्या ताकदीच्या चार रेघा असतात, त्यातली फक्त पहिली भरली होती. "बाबा आला," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, नुसती चौकशी होती, आणि चौकशी करत तिने ताईकडे बघितलं.

ताईने डावा हात मनगटावर दाबून धरला होता. ती भिंतीला पाठ लावून, दाराकडे बघत बसली होती. मुंगी तिच्याकडे बघत राहिली. आपली आई त्या वेळी पडली नव्हती, हे त्या पोरीला कोणी सांगितलं नाही. तिला तिथे, त्या क्षणी, दिसलं.

मी 'नको' दाबलं. मग एकदम माझ्या लक्षात आलं, आपल्याला त्याचं नाव दिसतंय तसं त्यालाही आपलं दिसतंय. त्याच्या फोनवर या इमारतीतली सगळी नावं असणार, आणि त्यात वारूळ. मुंगीच्या बापाला ते वाचून कळायला किती वेळ लागेल? वर चढत जायचं, त्या नावाच्या रेघा भरत जातील, आणि जिथे चारही भरतील ते दार. मी टॉवेल बाजूला केला आणि डब्याची वायर भिंतीतून उपटली. दिवे गेले.

आईने पोलिसांना फोन लावला. ताईची तक्रार त्यांच्याकडे आधीपासून होती. माणसं पाठवतो म्हणाले. मी दाराला कडी घातली, आतून टेबल लावलं, पंखा बंद केला. आम्ही दारासमोरच्या जमिनीवर बसलो, मध्ये टॅब, आवाज बंद केलेला. दुसरी रेघ भरली.

खालच्या मजल्यावरची घंटा वाजली. दार उघडल्याचं ऐकू आलं नाही. सुट्टीच्या दिवशी लोक बाहेर जातात. मग त्याचा आवाज आला, तोच मऊ, समजूतदार आवाज. "मुंगी, बाबा आलाय. टॅब आहे ना जवळ? बघ बरं, बाबांचा फोन दिसतोय का."

पुढचं दार. घंटा. "मुंगी, बाबा आलाय. टॅब आहे ना जवळ? बघ बरं, बाबांचा फोन दिसतोय का."

तेव्हा मला कळलं, त्याला दार माहीत नाही. नकाशाने त्याला इमारत दिली होती, वारूळ हे नाव त्याने वाचलंही असेल, पण आता ते विझलं होतं. तो प्रत्येक दारापाशी तेच वाक्य बोलत होता, शब्द न बदलता, एखादा माणूस विमा विकायला यावा तसा. एक दार उघडलं. म्हातारा आवाज म्हणाला, "कोण पाहिजे?" तो म्हणाला, "माफ करा हं, चुकलं," आणि इतकं गोड हसला की मलाच क्षणभर त्याला बसा म्हणावंसं वाटलं. मग पावलं जिन्याला लागली.

तिसरी रेघ भरली. शेजारच्या दाराची घंटा. तेच वाक्य. मुंगीच्या ओठांवर तिचेच दोन्ही हात होते. मी तिला धरलं नव्हतं, ताईनेही नाही. तिने स्वतःच आपलं तोंड बंद केलं होतं.

चौथी रेघ भरली आणि आमची घंटा वाजली.

ती घंटा साधी आहे, चिमणीच्या आवाजाची. मुंगीनेच निवडली होती. दाराखालच्या फटीत त्याच्या बुटांची सावली पडली. पडद्यावर चारही रेघा भरलेल्या, वर त्याचं नाव. "मुंगी," तो म्हणाला. नेहमीचं वाक्य नव्हतं. तो थांबला. त्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं. आमच्या घराला मेणाचा वास येतो, माझ्या कपड्यांना येतो तो. तो वास त्याला माहीत होता का? आमच्या जुन्या घरी तो किती वेळा आला होता, किती वेळा हसून म्हणाला होता, मेणबत्तीच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. मला आठवतं, मी देवाला नाही, खालच्या किल्लीवाल्याला विनवत होते, की बाबा रे, चाक चालू ठेव, आमचा श्वास ऐकू जाऊ देऊ नकोस.

"मुंगी, टॅब आहे ना जवळ? बघ बरं, बाबांचा फोन दिसतोय का."

मुंगीने पडद्याकडे बघितलं. दिसत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मान हलवत होती, नाही, नाही, नाही.

सावली सरली. पावलं वरच्या मजल्यावर गेली. तीन रेघा. वर दोन घंटा वाजल्या, दोनदा तेच वाक्य झालं. मग पावलं खाली आली आणि आमच्या दारापाशी न थांबता उतरली. चार, तीन, दोन. एक रेघ बराच वेळ भरलेली राहिली. तो खाली उभा राहून खिडक्या बघत असणार. मग तीही रिकामी झाली आणि नाव यादीतून गेलं.

पोलीस आले तेव्हा चहाची वेळ उलटून गेली होती. त्यांच्यातल्या एकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जिन्यात उभं राहणं हा गुन्हा नाही हो. दार फोडलं असतं तर गोष्ट वेगळी." मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईने माझा हात दाबला. ते गेले.

डबा परत लावायचा की नाही यावर वाद झाला नाही. नाव सुधारल्याशिवाय नोंद जाणार नव्हती, म्हणून लावावाच लागला. आई पुढे झाली. वारूळ गेलं पाहिजे, ताई म्हणाली, म्हणून आईने त्या जागी नुसती अक्षरं ठेवली, ज्यांचा काही अर्थ होत नाही, टायपिंगच्या पहिल्या धड्यातली. मग रेघ, मग नोमॅप. तिथे तिचं बोट टिंबाच्या कळीवर गेलं. हवेतच राहिलं. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून मांडीवर आणला. ठसका दिला नाही. नाव तसंच उघडं राहिलं आणि आई उठून तोंड धुवायला गेली, बराच वेळ आली नाही.

मुंगी टॅब घेऊन ताईजवळ बसली होती. तिने ओळखीच्या नेटवर्कांची यादी उघडली होती. 'बाबांचा फोन', आणि खाली ते बटण.

"आई," ती म्हणाली, "विसरा दाबू?"

ताईने तिचं बोट हलकेच बाजूला केलं.

"नको."

"पण मला नकोय आता तो."

"मलाही नकोय गं. पण हे विसरलं तर तो आल्याचं आपल्याला सांगेल कोण?"

मुंगी विचार करत राहिली. मग उठली, चार्जरची वायर ओढत दाराशी गेली आणि चपलांच्या फळीवर टॅब उताणा ठेवला, पडदा वर. तेव्हापासून तो तिथेच असतो. झोपायला जाण्याआधी ती एकदा जाऊन बघते, चार्जिंग नीट लागलंय ना.